भुशाची बाकी

सकाळी साडेसातला चर्चच्या आवारातून बस निघाली,
चाळीस सीटांवर एकतीस म्हातारे,
आणि ड्रायव्हर ड्वेन, आमच्यात पोरगाच, एकसष्ट वर्षांचा.
आर्लिसने लोणी लावलेले पाव वाटले.
मक्याची शेतं संपली, पुन्हा मक्याची शेतं लागली.
विस्कॉन्सिनात कुठूनही कुठेही जा, मध्ये मका.

हे गाव म्हणजे सर्कशीचं हिवाळी बिऱ्हाड.
बर्फ पडला की हत्ती इथे येत,
नदीकाठच्या विटांच्या कोठारात उभे राहून
थंडी सरायची वाट बघत, आमच्यासारखेच.
आता भिंतीत नुसत्या कड्या,
आणि फरशीवर, एकाच जागी उभं राहून राहून
झिजलेले खळगे.
बर्नडीनने एकात पाऊल ठेवलं,
मग दुसरं.
दोन्ही मावली, बुटांसकट.

मग रथ. मुलामा उडालेले सिंह, नाक तुटलेली जलपरी.
गाईड मिकेला, एकोणीस वर्षांची,
तारखा पाढ्यांसारख्या म्हणत होती.
हॅल्वर ट्वेटनचं तिकडे लक्ष नव्हतं.
तो रिंगणापाशी वाकला,
चिमूटभर भुसा उचलून हुंगला.
"देवदार," म्हणाला. "दुकानातल्या पिशवीतला.
सशाच्या खोक्यात घालतात तो."

त्याच्या आजोबांची, नेल्सची, लाकडाची गिरणी होती.
सर्कशीला भुसा त्यांचाच जायचा.
भुसा विकायचे, पण तंबूत पाय ठेवायचे नाहीत:
चर्चचे डीकन होते,
उघड्या पायांच्या बायका तारेवर चालतात
तिथून नरक दोन कोसांवर, असं सांगायचे.
हे हॅल्वर दर मयताच्या जेवणाला सांगतो.
आजी इंगा जन्मात हत्ती न बघता गेली,
हेही सांगतो, थोडं अभिमानानेच.

काचेखाली हिशेबाची चोपडी उघडी होती.
हॅल्वरनेच शोधलं, बोट टेकवलं काचेवर:
एन. ट्वेटन, भुसा, सहा गाड्या.
येणे अकरा डॉलर चाळीस सेंट.
"दिलेच नाहीत!" तो ओरडला,
"एकशेबारा वर्षं झाली, दिलेच नाहीत!"
सगळे जमले. चष्मे पुसले. हळहळले.

दुपारी थिएटर.
लाल मखमल, छताला गुबगुबीत देवदूत,
खुर्च्या आमच्या आजोबांच्या मापाच्या, अरुंद.
मिकेला म्हणाली, मंचावर कुजबुजलं तरी
शेवटच्या रांगेत ऐकू येतं. येतंय का कुणी?
हॅल्वर गेला. नवा खुबा सांभाळत, पाच पायऱ्या.
मधोमध उभा राहिला, टोपी काढली,
आणि रिकाम्या बाल्कनीला अगदी हळू म्हणाला,
"मी नेल्स ट्वेटनचा नातू.
तुमच्याकडे आमचे अकरा चाळीस निघतात."

ऐकू आलं.
आर्लिसने शीळ घातली, दोन बोटं तोंडात घालून.
ब्याऐंशीव्या वर्षी माणूस इतका लाल होऊ शकतो
हे मला माहीत नव्हतं.

मी चौतीस वर्षं दूध-सोसायटीचे हिशेब लिहिले.
पान समोर आलं की माझी नजर
आधी उजव्या टोकाच्या रकान्याकडे जाते.
तिथे शिसपेन्सिलीने, पुसट, वेगळ्या अक्षरात होतं:
दोन पास दिले. बाकी निरंक.

दोन.

परतताना तो माझ्या शेजारी येऊन बसला.
"व्याज किती होईल गं?"
मी नॅपकिनवर मांडलं,
चार टक्के, चक्रवाढ, एकशेबारा वर्षं:
नऊशे बावीस डॉलर, खालचे सेंट सोडून.
आकडा बरोबर आहे. मी आकडा कधी चुकवला नाही.
त्याने नॅपकिनची घडी करून खिशात ठेवली,
आणि पुढच्या गावाआधीच घोरायला लागला.

ड्वेनने आतले दिवे मालवले.
बाहेर मका, आता काळा.
मी तंबूतल्या फळीवर डीकन बसवून पाहिला,
मांडीवर हॅट, बुटांना स्वतःच्याच गिरणीचा भुसा.
शेजारची जागा काही केल्या
मला नीट दिसेना.